मधाचा कंटेनर आणि एक सभ्य पत्र

ताबोरा, ४ जुलै १९९३

कोंडो शोमारी, किनाऱ्यावरच्या नासक्या नारळा,

मिहायोचा सलाम घे. तुझ्या बायकोला आणि मुलांनाही सलाम. त्यांना दिलेला कामी येईल, तुला दिलेला फुकट गेला असं समजतो.

हे पत्र रेल्वेच्या गार्ड मशाकाच्या हाती देतोय, कारण पोस्टावर माझा विश्वास नाही. मशाकावरही नाही, पण तो निदान डोळ्यांना दिसतो. त्याच्याजवळ मधाची एक बाटली दिली आहे. अर्धीच पोचली तर उरलेली त्याच्या मिशांत शोध.

आता कामाचं. आमच्या मधपाळ संघाने यंदा पहिल्यांदाच सगळा मध एका कंटेनरात भरून रेल्वेने तुमच्या बंदराकडे पाठवायचं ठरवलं आहे. आजवर व्यापारी बुरुहानीचे ट्रक यायचे. तो म्हणेल ते माप आणि तो म्हणेल ती किंमत. मी अध्यक्ष झालो आणि सभेत उभा राहून म्हणालो, 'आता आपला मध आपल्या नावाने जहाजात बसेल!' टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की मला पुढचं भान राहत नाही. मी म्हणालो, 'हा कंटेनर जहाजाला चुकला, तर पुढच्या वर्षी खुशाल पुन्हा ट्रकला मध घाला, आणि मी बुरुहानीच्या ट्रकच्या टपावर बसून बाजारभर ओरडत फिरेन की मी मूर्ख आहे!' बुरुहानी मागेच उभा होता. त्याने लगेच पोराला टप धुवायला सांगितलं.

तेव्हापासून मला झोप नाही. कंटेनर परवा स्टेशनाच्या यार्डात सोपवला. रंग निळा आहे. दारावर मी स्वतः पिवळ्या रंगाने मधमाशी काढली आहे. बायको कलुंदे म्हणते ती बकरी दिसते. तू कशीही ओळख. जहाज ३१ तारखेला आहे. लोखंडाच्या पेटीत मध उन्हाने उकळतो का? रेल्वेची वाघीण थेट धक्क्यापर्यंत जाते, की वाटेत कुठे तरी ओझं उतरवून विसरतात? क्रेनचा दोर कोणी तपासतं का, की तुटल्यावरच कळतं? तू तिथे धक्क्यावर कंटेनर मोजायला बसतोस. बसतोस एवढं नक्की. तो आला की स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि कळव.

आमचे न्यामवेझी आजे हस्तिदंत डोक्यावर घेऊन तुमच्या किनाऱ्यापर्यंत चालत यायचे, आणि तुमचे झारामो आजे झाडाखाली पडून ते बघायचे. त्याच वाटेवर आपल्या दोन जमातींचं थट्टेचं सोयरेपण जुळलं. तू मला वाटेल ते बोल, माझं वाटेल ते उचलून ने, आणि जो रागावेल त्याने कोंबडी द्यावी, हा नेम मला मान्य आहे. पण या एका बाबतीत थट्टा नको. पाया पडतो.

तुझा मालक,
मिहायो कापाया


दार एस सलाम, ९ जुलै

अरे ओझेवाल्या,

'थट्टा नको' असं लिहून पाठवलंस, म्हणजे उपाशी कुत्र्यापुढे हाड ठेवून 'बस खाली' म्हणालास.

तुझा कंटेनर आला. बकरी लगेच ओळखली. क्रेनने उचलला, चांगला वर नेला. पण क्रेनवाला निघाला तुमच्याकडचा न्यामवेझी. त्याला भूक लागली. दोन्ही हात सोडून तो मक्याच्या पिठाची उगाली खायला बसला आणि कंटेनर सरळ समुद्रात! खाडीचं पाणी सकाळपासून गोड झालंय. बायका बादल्या घेऊन रांगेत उभ्या आहेत. माशांचे दात किडले. एक शार्क गालाला फडकं बांधून दवाखान्याच्या दारात बसला आहे, त्याला चिठ्ठी मिळत नाही.

जी पिंपं तरंगली ती मी नेमाप्रमाणे जप्त केली. दोन कोंबड्या पाठव, एक पिंप परत देईन.

बुरुहानीला म्हणावं, टपावर गादी घाल. म्हाताऱ्याची हाडं टोचतात, ट्रक पंक्चर व्हायचा.

बाटली पोचली. अर्धी.

तुझा धनी,
कोंडो


ताबोरा, १३ जुलै

कोंडो, खाऱ्या पाण्यातल्या खेकड्या,

मशाकाने तुझं पत्र दिलं तेव्हा मी जेवत होतो. समुद्रापर्यंत वाचलं आणि ताटावरून उठलो. शार्कपर्यंत पोचलोच नाही. पोचलो असतो तर कदाचित शंका आली असती.

एका पायात चप्पल आणि दुसरा पाय उघडा, असा स्टेशनात शिरलो. मास्तर म्हणाले, "बाबा, काय झालं?"

"कंटेनर बुडाला!"

"कुठला?"

"निळा! मधमाशीचा!"

त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. "बकरीचा म्हणता? तो काय, तिथे उभा आहे."

आणि तो उभा होता, कोंडो! कापसाच्या वाघिणींच्या मागे, जिथे मी सोपवला तिथेच. त्याच्या सावलीत दोन हमाल बसून बियांचा बाव खेळत होते. मास्तर म्हणाले, सपाट वाघीण मिळाली की जाईल. मी विचारलं, कधी मिळेल? ते म्हणाले, मिळेल तेव्हा. मग मी जाऊन रुळांवर आडवा झालो. मास्तर छत्री घेऊन आले आणि म्हणाले, "बाबा, या रुळावर मंगळवारपर्यंत गाडी नाही. नुसते भाजाल." पण मी उठलो नाही. बाजारातली माणसं बघायला जमली, बुरुहानीही आला. शेवटी मास्तरांना लाज वाटली आणि त्यांनी वाघीण शोधून काढली.

तू तो बुडवला नसतास तर तो जहाज जाईपर्यंत इथेच राहिला असता. हे मी तुझे उपकार म्हणून लिहीत नाही, नुसतं लिहितो.

इतके दिवस उन्हात उभा होता म्हणून मला मधाची काळजी वाटली. मास्तर नको नको म्हणत होते, तरी सील तोडायला लावलं. दाराजवळचं एक पिंप उघडून बोट बुडवून चाखलं. मध उत्तम आहे. झाकण मी माझ्या हातांनी परत बसवलं, नवं सील लावून घेतलं, आणि आज सकाळी कंटेनर माझ्या डोळ्यांदेखत निघाला. फलाट संपेपर्यंत मी वाघिणीबरोबर धावलो.

आता माझी शपथ ऐक. किनाऱ्यावरून आलेल्या एका अक्षरावरही मी पुन्हा विश्वास ठेवणार नाही. संघाच्या सभेत तसा ठरावच केला आहे: कोंडोचं पत्र आलं की आधी हसायचं.

मी रागावलो होतो, हे मास्तरांसकट सगळ्यांनी पाहिलं. नेमाची कोंबडी मशाकाबरोबर पाठवतोय. ती टोचते. तुमचं दोघांचं जमेल.

तुझा मालक,
मिहायो


दार एस सलाम, २० जुलै

ओझेवाल्या,

कोंबडी पोचली. मशाकाचं नाक सुजलं आहे. कोंबडी खुशाल आहे.

आता हे खरं आहे, नीट वाच. तुझा कंटेनर काल आला आणि खालच्या कोपऱ्यातून मध गळतोय. यार्डापासून धक्क्यापर्यंत रुळांच्या बाजूने मधाची रेघ उठली आहे, आणि त्या रेघेवर मधमाश्या. या शहरात इतक्या मधमाश्या आहेत हे कुणाला ठाऊकच नव्हतं. क्रेनवाला वर चढायला तयार नाही. पहारेकरी पळाला. त्याची टोपी तिथेच पडली आहे, आणि टोपीत माश्या आहेत. साहेबांनी हुकूम केला की हा कंटेनर रांगेतून बाजूला काढा. तो उचलणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर बायकोची मच्छरदाणी पांघरून आला, तेव्हा कुठे तो कोपऱ्यात हलला.

गळका कंटेनर जहाज घेत नाही. उघडून पिंप नीट करायचं तर सील तोडताना मालकाचा माणूस समोर लागतो. कागदावर अध्यक्षाचं नाव आहे, म्हणजे दुर्दैवाने तुझं. जहाज ३१ तारखेला सुटतं. पुढच्याच गाडीने ये.

येताना आंघोळ करून ये. माश्यांना एका वेळी एकच वास पुरे.

तुझा धनी,
कोंडो


ताबोरा, २३ जुलै

कोंडो, बंदरावरच्या बाता मारणाऱ्या बेडका,

शाबास! शार्कपेक्षा हे कितीतरी वरचढ आहे. मी सभेत उभा राहून मोठ्याने वाचलं. मच्छरदाणीला लोक बाकांवरून खाली आले. टोपीच्या ठिकाणी खजिनदाराला ठसका लागला, पाठीत गुद्दे घालावे लागले. एकटी कलुंदे हसली नाही. म्हणाली, "टोपीत माश्या? एवढं सुचण्याइतकं डोकं कोंडोला नाही." बायकांना थट्टेतलं फारसं कळत नाही.

मला मात्र महिनाभरात पहिल्यांदा शांत झोप लागली. माझा हिशेब सरळ आहे. तू म्हणालास बुडाला, तेव्हा तो कोरडा उभा होता. आता म्हणतोस गळतोय, म्हणजे तो ठणठणीत आहे. तू म्हणालास 'ये', म्हणजे मी घरीच बसावं हे उत्तम. तू म्हणजे उलटं टांगलेलं घड्याळ आहेस; एकदा ध्यानात आलं की वेळ बरोबर कळते.

माश्यांवर तुला उपाय पाहिजे ना? लिहून घे. भर दुपारी सदरा काढ. डोक्यावर कसाव्याचा मोठा कंद ठेव. कंटेनरभोवती उलट्या पावलांनी चाल आणि मोठ्याने म्हण, 'न्यामवेझी माझे मालक, मिहायोची आजी माझी राणी.' आजीचं नाव न्यांझाला होतं, तेही घे. माश्या निमूट रांगेत निघून जातील.

तुझा मालक,
मिहायो


दार एस सलाम, २६ जुलै

परमादरणीय मिहायो आजोबा यांच्या सेवेशी,

कोंडो शोमारीचा नम्र सलाम. आपली आणि कलुंदे आजींची प्रकृती चांगली असेल अशी आशा करतो. आमच्या घरी सर्व ठीक आहेत.

आपण सांगितलेला उपाय मी काल दुपारी केला. मला वाटलं, आपण जन्मभर मधमाश्यांत वावरलात, तेव्हा आपलं सांगणं खरंच असेल. सदरा काढला, कंद डोक्यावर घेतला, आपल्या आजींचं नाव घेतलं. क्रेनवाले, हमाल आणि खिडकीत उभे असलेले साहेब या सर्वांनी पाहिलं. मला बऱ्याच माश्या चावल्या. डावा कान सुजून खांद्याला टेकायला आला आहे. माझा आपल्यावर मुळीच राग नाही.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं, म्हणून दुसऱ्या पत्रातलं खरं आपल्याला पटलं नाही. दोष माझा आहे. आपला मध जहाजात चढेपर्यंत मी आपल्याशी थट्टा करणार नाही, असं मी बायकोसमोर कबूल केलं आहे.

आजोबा, मध अजून गळतोय. जहाज शनिवारी सुटेल. कृपा करून यावं. मी स्टेशनावर रोजच्या गाडीला उभा राहीन.

आपला आज्ञाधारक,
कोंडो शोमारी


ताबोरा, २८ जुलै

कोंडो बाळा,

कलुंदेचा सलाम. मशाकाला सांगून हे पत्र त्याच गाडीने पाठवतेय, ज्या गाडीत आमचे हे बसले आहेत. त्यांना ठाऊक नाही. त्यांच्या आधी तुझ्या हाती पडावं.

तुझं पत्र आलं तेव्हा हे हसायची तयारी करून बसले होते. शेजारीही बोलावले होते. पहिली ओळ वाचली आणि थांबले. पुन्हा वाचली. कागद उलटा करून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं. मग मला म्हणाले, "कलुंदे, यात शिवी नाही."

मी म्हटलं, "शेवटी असेल, बघा."

त्यांनी शेवट पाहिला. "आज्ञाधारक लिहिलंय," म्हणाले, आणि पाय पोटाशी घेऊन खाली बसले. तू मेलास आणि दुसऱ्या कुणी तुझ्या नावाने लिहिलं, असंही त्यांना क्षणभर वाटलं. मग अक्षर पाहिलं, ते तुझंच, तेव्हा तर फारच घाबरले. खोटं बोलणारा कोंडो त्यांना चालतो. सभ्य कोंडो आजवर पाहिला नव्हता.

मेणाचा गोळा, धुराचं नळकांडं आणि तीन सदरे घेऊन निघाले आहेत. विजार एकच घेतली आहे. वाटेत काही खाणार नाहीत, तर उतरल्या उतरल्या खाऊ घाल. आणि एक सांगते, ते तुझ्यापाशीच ठेव. यार्डात त्यांनी जे पिंप चाखायला उघडलं होतं, त्याचं झाकण यांनीच बसवलं. आमच्या घरच्या एकाही बरणीचं झाकण यांना आजवर नीट बसवता आलेलं नाही.

कानाला हळद लाव.

कलुंदे


दार एस सलाम, ३१ जुलै, संध्याकाळ

कलुंदे,

मी पोचलो. विजार फाटली होती, ती कोंडोच्या बायकोने शिवली. आता सगळं क्रमाने सांगतो.

गाडीतून उतरलो तर कोंडो समोर उभा. कान खरोखरच भोपळ्याएवढा. मी म्हटलं, आता तोंड उघडेल. तर त्याने वाकून सलाम केला आणि माझं गाठोडं उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतलं! झारामोने न्यामवेझीचं ओझं डोक्यावर घेतलं, कलुंदे! आपलं आता काही खरं नाही, हे मला तिथेच कळून चुकलं. घरी गेलो तर मला पाटावर बसवलं, माशाचं डोकं माझ्या ताटात वाढलं, आणि कोंडो विचारतो, "आजोबा, आणखी भात?" मी म्हटलं, "कोंडो, एखादी शिवी दे रे, हलकीशी." तो म्हणाला, "मध चढल्याशिवाय नाही, आजोबा. शब्द दिलाय."

मग कंटेनर पाहिला. माझी बिचारी मधमाशी खऱ्या मधमाश्यांनी झाकून गेली होती. ती टोपीही पाहिली. सगळं खरं होतं. मला सभेतला खजिनदाराचा ठसका आठवला आणि तोंड लपवावंसं वाटलं.

धूर करायला मला कुणी देईना, बाजूला तेलाच्या टाक्या आहेत म्हणे. मग बसून राहिलो. या माश्या राहायला आल्या नव्हत्या, जेवायला आल्या होत्या. दिवे लागायच्या सुमाराला आपापल्या घरी गेल्या. साहेबांसमोर सील तोडलं. दाराजवळच्या पिंपाचं झाकण सैल होतं. वाटेत रेल्वेच्या हिसक्यांनी झालं असणार. कोंडो एकदा झाकणाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत होता. मी मेण लावून झाकण बसवलं. मग "आजोबा, थकला असाल" म्हणत त्याने ते काढून पुन्हा बसवलं. सगळ्यांनी मिळून बादल्यांनी कंटेनर धुतला. नवं सील लागलं. दुसऱ्या दिवशी थोड्या माश्या आल्या, हात हलवत परत गेल्या.

आज दुपारी आमची पाळी आली. क्रेनने कंटेनर उचलला. तो निळा डबा हवेत एवढासा दिसत होता, कलुंदे, आणि त्यात आपल्या सगळ्या गावांचा मध. मी डोळे मिटून घेतले. दोर करकरला. कोंडोने माझा हात घट्ट धरला होता. तोही हळूच देवाचं नाव घेत होता, हे मी कुणाला सांगणार नाही. मग लोखंडावर लोखंड बसल्याचा आवाज झाला. जहाजावरून कुणीतरी हात केला.

मी डोळे उघडायच्या आत पाठीत असा गुद्दा बसला की मी धक्क्यावरून समुद्रातच जायचा. "डोळे उघड रे ओझेवाल्या!" कोंडो ओरडत होता. "थोतांड्या! बोटबुडव्या! स्वतःच्या मधात बोट घालून झाकण उघडं टाकणाऱ्या म्हाताऱ्या माकडा! माझा कान दे परत! तुझी आजी न्यांझाला माझी राणी काय? बंदरभर मला राणीचा नवरा म्हणतात!" एका दमात एवढं बोलला, की साहेबांनी खिडकी उघडली. त्याला पिंपाचं कुठून कळलं, देव जाणे.

मी तिथेच उभा राहून इतका रडलो, की वरून क्रेनवाल्याने ओरडून विचारलं, "काय बुडालं?"

तेव्हा कुठे माझी खात्री झाली की कंटेनर जहाजात चढला.

बुरुहानीला सांग, टप वाळू दे. कोंडो सुट्टी काढून माझ्याबरोबर येतोय, म्हणतोय की माझ्या सगळ्या कोंबड्या त्याने जप्त केल्या. पांढऱ्या असू देत बाहेर. लाल तेवढ्या शेजारी लपव.

मिहायो